मास्तर, कवडसा आणि चार घरं

आपल्या हुबळी-धारवाडात शिक्षकांचं कौतुक कमी झालेलं नाही. बेंद्रे अज्ज धारवाडच्या हायस्कुलात मास्तर होते; घरी मराठी, कविता कानडी, पुढं ज्ञानपीठ. जी. ए. कुलकर्णी धारवाडातच कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि जगाला न दिसता मराठी कथा लिहीत होते. ह्या दोघांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी आज लिहितोय ते पाचवी ते सातवीला सायन्स शिकवणाऱ्या एका साध्या मास्तरांवर. त्यांनी पुस्तक लिहिलं नाही, त्यांना पुरस्कार मिळाला नाही. नाव लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं. आम्ही त्यांना नुसतं ‘मास्तर’ म्हणत होतो. आपल्याकडं हा शब्द मराठीतही चालतो आणि कानडीतही, त्यामुळं सगळ्या गल्लीला ते मास्तरच.

मी कॉमर्सचा माणूस. एकोणचाळीस वर्षं बँकेत आकडे जुळवले. सायन्सवर मी काय लिहिणार, असं वाटेल. पण मिडल स्कूलच्या सायन्स मास्तराचं काम नेमकं काय असतं, हे मला वयाच्या सत्तरीत जरा समजायला लागलंय. आणि त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती लिहून ठेवायची आहे.

आधी काळ सांगतो. माझा जन्म १९५२ चा. तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९६२ मध्ये हुबळी आणि धारवाड मिळून एक महापालिका झाली. ‘कर्नाटक’ हे राज्याचं नाव तर १९७३ मध्ये आलं. म्हणजे मी एका घरात राहून राज्य बदललं, राज्याचं नाव बदललं, गावाचा कारभारही बदलला! आमच्या आजोबांच्या पिढीत सातवीची ‘मुलकी’ पास झाली की कचेरीत नोकरी मिळायची. आमच्या वेळेला सातवी म्हणजे नुसता नाका झाला होता. कारण आमची शाळा मराठी, सातवीपर्यंतच. आठवीला कानडी नाहीतर इंग्रजी माध्यमात जावं लागायचं. ज्या पोराला मराठीत ‘नत्रवायू’ पाठ होता, तो पुढच्या जूनमध्ये कानडी वर्गात बसून मख्खासारखा बघत राहायचा.

मास्तरांना हे ठाऊक होतं. म्हणून ते फळ्याचे तीन भाग पाडायचे. एका बाजूला मराठी शब्द, मधे कानडी, कडेला इंग्रजी. ऑक्सिजनला मराठीत प्राणवायू, कानडीत ‘आम्लजनक’. हायड्रोजनला कानडीत ‘जलजनक’, नायट्रोजनला ‘सारजनक’. कार्बनला कानडीत ‘इंगाल’. मास्तर म्हणाले, “आपल्या चुलीतला इंगळ आणि हा इंगाल, भाऊ-भाऊ आहेत. विसरायचं नाही.” साठ वर्षं झाली, विसरलो नाही.

आम्लजनक म्हणजे आम्ल जन्माला घालणारा. एका पोरानं विचारलं, “मास्तर, जो श्वासात घेतो तो आंबट कसा?” तेव्हा मास्तरांनी लव्हाझिए ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. त्याला वाटलं होतं की प्रत्येक आम्लात हा वायू असतोच. म्हणून त्यानं ग्रीक शब्दांवरून तसं नाव ठेवलं. कानडी पंडितांनी त्याचंच भाषांतर केलं. पुढं इंग्लंडच्या डेव्हीनं दाखवलं की मिठाच्या आम्लात ऑक्सिजन नसतोच. म्हणजे नाव चुकलं, पण चिकटलं. मास्तर हसून म्हणाले, “मोठ्या माणसानं ठेवलं म्हणून नाव खरं होत नाही. आणि चुकलं म्हणून तो माणूस लहान होत नाही.” बारा वर्षांच्या पोरांना हे किती कळलं असेल, देव जाणे. पण कानावर पडलं.

शाळेत प्रयोगशाळा नव्हती. एक लाकडी कपाट होतं. त्यात दोन काचेच्या नळ्या, एक स्पिरिटचा दिवा, लोहचुंबक, एक भिंग आणि ‘सृष्टिज्ञान’ मासिकाचे जुने अंक. पुण्याहून १९२८ पासून निघणारं हे मासिक मास्तर स्वतःच्या पैशानं मागवत. बाकी सामान घरून आणायचं. पेला, ताट, मेणबत्ती, दोरा, बाटलीची झाकणं.

तो मेणबत्तीचा प्रयोग तुम्ही सगळ्यांनी केला असेल. ताटात पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून पेला उपडा. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात चढतं. पुस्तकात लिहिलं होतं की हवेत पाचवा हिस्सा प्राणवायू असतो, तो जळून जातो, म्हणून पाणी पाचव्या हिश्श्यापर्यंत चढतं. आम्ही ते पाठ करूनच आलो होतो. मास्तरांनी पाठ म्हणून घेतलं, मग म्हणाले, “आता करा.”

आमच्या वर्गात रेल्वे वर्कशॉपातल्या एका फिटरचा मुलगा होता. हुबळीचं वर्कशॉप १८८५ पासूनचं. तिथल्या घरांतल्या पोरांना हातानं काही केल्याशिवाय चैन पडत नसे. त्यानं गंमत म्हणून एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या. पेला तोच. पाणी जास्त चढलं! वर्गात गोंधळ. पेला तोच, म्हणजे हवा तेवढीच, म्हणजे प्राणवायू तेवढाच. मग पाणी जास्त कसं?

दुसरा कोणी मास्तर असता तर त्या पोराच्या पाठीत एक बसली असती. आमचे मास्तर गुडघ्यावर बसून पेल्याकडं बघायला लागले. पुन्हा करायला लावलं. तिसऱ्यांदा केल्यावर एकाला दिसलं की पेला ठेवताना कडेनं बुडबुडे बाहेर पडतात. दुसऱ्याला दिसलं की मेणबत्ती जळत असताना पाणी फारसं चढत नाही, विझल्यावर एकदम चढतं. हळूहळू उलगडलं. आचेनं हवा फुगते, थोडी बाहेर निसटते. विझल्यावर उरलेली हवा गार होऊन आकसते, आणि पाणी वर येतं. मेणबत्त्या जास्त, आच जास्त, पाणी जास्त. मेणबत्ती विझते तेव्हाही पेल्यात बराच प्राणवायू शिल्लक असतो, हे मी पुढं केव्हातरी वाचलं.

त्या दिवशी मास्तरांनी आम्हाला वहीचं पान मधोमध दुमडायला लावलं. डावीकडं ‘दिसलं’, उजवीकडं ‘वाटलं’. “पाणी चढलं, हे दिसलं. प्राणवायू जळाला म्हणून चढलं, हे वाटलं. वाटलेलं खोटं असतं असं नाही. पण त्याची जागा उजवीकडं. पुस्तकातलंसुद्धा आधी उजवीकडं.” आणि मग त्यांचं नेहमीचं कानडी वाक्य, “मोदल नोडु, आमेल हेळु.” आधी बघ, मग सांग.

दुसरी गोष्ट कवडशाची. आमच्या वर्गाला मंगळुरी कौलं. दोन कौलांच्या फटीतून दुपारी जमिनीवर उन्हाचे गोल पडायचे. आम्ही रोज त्यांवर पाय ठेवून खेळत होतो. मास्तरांनी विचारलं, “फट वाकडीतिकडी, मग कवडसा गोल का?” उत्तर येईना. त्यांनी एका पुठ्ठ्याला तिकोनी भोक पाडलं आणि पुठ्ठा उन्हात धरला. जवळ धरला तर भिंतीवर तिकोन. लांब नेत गेले तसा तिकोन पुसट होत गोल झाला. “हा भोकाचा आकार नाही, हा सूर्य आहे. प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं चित्र. ग्रहण लागेल त्या दिवशी बघा, कवडसासुद्धा कोरीचा होईल.” आम्ही जमिनीकडं बघितलं. रोज आम्ही सूर्यावर पाय देत होतो!

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं त्याचं काम आहे.

आता १९६५. मी सातवीत. पाकिस्तानशी लढाई सप्टेंबरच्या २३ तारखेला थांबली होती. धान्याची टंचाई. शास्त्रीजींनी सांगितलं म्हणून आमच्या घरी सोमवारी रात्री चूल पेटत नसे. अशात ऑक्टोबरअखेर पहाटे पूर्वेला एक शेंडेनक्षत्र दिसायला लागलं. कानडीत ‘बालचुक्के’, शेपटीचा तारा. आमच्या अज्जीनं फर्मान काढलं, “बघायचं नाही. शेंडेनक्षत्र आलं की राजा जातो.”

मास्तरांचं फर्मान उलटं होतं. दिवाळी होऊन चार-पाच दिवस झाले होते. पहाटे चारला आम्ही नऊ पोरं त्यांच्यामागं उणकल तळ्याच्या बांधावर गेलो. मी घरातून कडी न वाजवता निघालो होतो. थंडी होती, अंगावर वडिलांचा जुना कोट. आणि मग दिसलं. आग्नेयेला क्षितिजाजवळून वर गेलेला पांढरा पट्टा, टॉर्चचा झोत धुक्यात जावा तसा. खाली डोकं, वर लांबच लांब शेपूट. तळ्यात त्याची पुसट छाया. आमच्यातलं कोणी बोललं नाही. मास्तर फक्त एवढं म्हणाले, “हात लांब करून मूठ धरा. शेपूट किती मुठी लांब आहे ते मोजा. सूर्य उगवायच्या आत वहीत लिहा.” दोन मुठींहून जास्त भरली. ‘दिसलं’च्या रकान्यात लिहिलं.

त्या धूमकेतूचं नाव इकेया-सेकी. जपानच्या दोन हौशी निरीक्षकांनी तो १८ सप्टेंबरला शोधला होता. त्यातला इकेया बावीस-एक वर्षांचा, पियानोच्या कारखान्यात काम करणारा कामगार. दुर्बीण त्यानं स्वतः बनवलेली. हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर त्या फिटरच्या मुलाला नक्की सांगितलं असतं.

मग ११ जानेवारी १९६६. ताश्कंदहून बातमी आली, शास्त्रीजी गेले. अज्जी रडली, सगळे रडलो. पण रडता रडता ती माझ्याकडं बघून म्हणाली, “बघितलंस?” त्या एका शब्दानं मी गारठलो. आपण बघायला गेलो म्हणून झालं, असं काहीतरी पोटात बसलं. तेरा वर्षांचा होतो.

दोन दिवसांनी शाळेत मी मास्तरांना हे सांगितलं. त्यांनी अज्जीला हसण्यावारी नेलं नाही. म्हणाले, “अज्जी जे म्हणाली ते तपासता येतं. चल.” फळ्यावर चौकोन काढून त्याची चार घरं केली. पहिलं, शेंडेनक्षत्र आलं आणि राजा गेला. दुसरं, आलं आणि राजा गेला नाही. तिसरं, आलं नाही आणि तरी राजा गेला. चौथं, आलंही नाही, गेलाही नाही. “शास्त्रीजी पहिल्या घरात लिही. आता नेहरू मे १९६४ मध्ये गेले. तेव्हा तुम्ही कुठलं शेंडेनक्षत्र बघितलं होतं?” कोणी बघितलं नव्हतं. “मग ते तिसऱ्या घरात. लोक फक्त पहिलं घर लक्षात ठेवतात, कारण गोष्ट तेवढ्याच घराची होते. तू बाकीची तीन घरं भरत जा. आयुष्यभर भर.”

मी भरत गेलो. १९७० च्या मार्च-एप्रिलमध्ये बेनेट धूमकेतू आला, पहाटे स्वच्छ दिसला. कुठला राजा गेला नाही. दुसरं घर. अज्जी तेव्हा होती. तिला दाखवला. ती म्हणाली, “हे लहान आहे.” अज्जीशी वादात कोण जिंकणार!

सातवीनंतर मी इंग्रजी माध्यमात गेलो. तीन रकान्यांच्या त्या वहीनं मला पहिली सहामाही तारून नेली. पण सायन्सला मी गेलो नाही. वडिलांना लवकर नोकरी हवी होती. म्हणून जे. जी. कॉमर्स कॉलेज. १९६९ च्या जुलैत १९ तारखेला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि २१ ला सकाळी रेडिओवर माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी. घरात चर्चा पहिल्याच बातमीची झाली. वडील म्हणाले, “आता बँकेत भरती होणार.” मी मास्तरांना भेटायला गेलो, जरा ओशाळून. ते म्हणाले, “मी तुला सायंटिस्ट करायला शिकवलं नाही रे. हिशेबातसुद्धा दिसलं आणि वाटलं असतं की.”

खरंच होतं. १९७३ ला बँकेत लागलो, पुढं ऑफिसर झालो. खेड्यात कर्जाची पाहणी करायला जायचं. म्हशींसाठी कर्ज दिलंय, पाच म्हशी हव्यात. गोठ्यात तीन. मालक म्हणतो, दोन चरायला गेल्यात. माझ्या डायरीत डावीकडं ‘तीन’, उजवीकडं ‘पाच’. वरिष्ठ चिडायचे, “पाच लिहून मोकळं व्हा की ओ!” मी व्हायचो नाही. नोकरीत मला ह्याचा अभिमान होता. मास्तरांचा खरा विद्यार्थी मीच, असं मनात म्हणत होतो.

आता ती गोष्ट.

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. खग्रास सूर्यग्रहण. सावलीचा पट्टा कारवार-अंकोल्याकडून घाट चढून हुबळी, गदग, रायचूरवरून हैदराबादच्या बाजूला आणि पुढं ओडिशाच्या किनाऱ्यापर्यंत जाणार होता. देशोदेशीचे शास्त्रज्ञ ह्या पट्ट्यात तंबू ठोकून बसले होते. जगभरातून लोक लाखो रुपये खर्चून जे बघायला आले, ते आपल्या अंगणावर होणार होतं. त्यासाठी तिकीट नाही, प्रवास नाही.

आदल्या दिवशी मास्तर काउंटरवर आले. रिटायर झाले होते. पासबुक पुढं केलं आणि म्हणाले, “उद्या साडेतीनला मैदानावर. पोरांना घेऊन उभा राहतोय. पूर्ण झाकल्यावर अडीच मिनिटं तरी मिळतील, तेवढ्यात नुसत्या डोळ्यांनी बघता येतं. आधी-नंतर मात्र नाही, काजळी धरलेल्या काचेतून तर अजिबात नाही. सूनबाईंनाही आण.” मी म्हणालो, “येतो मास्तर.”

हिला तेव्हा सातवा महिना होता.

घरात आठ दिवस आधीपासून ठरलं होतं. गर्भारणीनं ग्रहणात काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, खायचं नाही, आडवंतिडवं बसायचं नाही, उजेड अंगावर घ्यायचा नाही. आईनं पाण्याच्या घागरीत दर्भ टाकला, लोणच्याच्या बरणीवर तुळशीचं पान ठेवलं. मी आईला एका शब्दानंही विचारलं नाही. एवढंच म्हणालो, “मी जरा मैदानावर जाऊन येतो.” आई म्हणाली, “बायको आत आणि तू बाहेर? कशाला जायलायस? काही झालं तर?”

‘काही झालं तर.’ मंडळी, ह्या तीन शब्दांपुढं माझी चार घरं कोसळली. मी गेलो नाही.

मधल्या खोलीत आम्ही दोघं. दार बंद, खिडकीला घोंगडी. बाहेर गल्लीत चिटपाखरू नाही. उजेड हळूहळू मळत गेला. आणि तेव्हा वरच्या कौलाच्या फटीतून जमिनीवर पडलेला कवडसा मला दिसला. तो गोल नव्हता. कोरीचा झाला होता, बिजेच्या चंद्रासारखा. बघता बघता बारीक होत होता. दार बंद केलं, खिडकी बंद केली, तरी सूर्य स्वतःचं चित्र घेऊन आत आला होता. मास्तरांनी सांगितलं होतं, बरोबर तसा.

हिनं विचारलं, “ते काय आहे ओ जमिनीवर?”

मला सगळं ठाऊक होतं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मी म्हणालो, “काही नाही.” आणि चटई सरकवून त्यावर घातली.

मग अंधार झाला. फटीही काळ्या पडल्या. कावळे ओरडत झाडांवर परतल्याचा आवाज, लांबून कुणीतरी थाळी बडवत होतं. आणि मैदानाच्या दिशेनं पोरांचा एकच मोठा ओरडा आला. घाबरल्याचा नव्हता, आनंदाचा होता. अडीच मिनिटं मी चटईकडं बघत बसलो.

नंतर कळलं, मैदानावर अकरा पोरं आली होती. त्यांनी काळ्या चकतीभोवतीचा मोत्यासारखा प्रभामंडल बघितला, ज्याला इंग्रजीत कोरोना म्हणतात. आताच्या पोरांना तो शब्द रोगाचाच वाटतो, पण आधी तो सूर्याचा. भर दुपारी सूर्याच्या वरच्या अंगाला शुक्र लखलखला. मास्तर पुन्हा बँकेत आले तेव्हा त्यांनी मला काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. ते मला जास्त लागलं.

मेमध्ये मुलगी झाली, धडधाकट. आई म्हणाली, “बघितलंस? आत ठेवलं म्हणून.” पुन्हा तोच शब्द. आता मी वडील झालेला, बँकेचा ऑफिसर. रात्री डायरीत चार घरं काढली. आत ठेवलं आणि बाळ नीट, गल्लीतल्या तिघी. आत ठेवलं आणि बाळात काही कमी, एकही नाही. पण खालची दोन घरं? बाहेर आली आणि बाळ नीट, बाहेर आली आणि बाळात काही कमी. दोन्ही रिकामी. कारण कोणी बाहेर आलंच नव्हतं. भीती कशी टिकते हे मला त्या दिवशी कळलं. ती स्वतःला खोटं ठरवणारी घरंच रिकामी ठेवते. आणि ती रिकामी ठेवायला माझ्यासारखे शिकलेले लोक चटई घेऊन बसलेले असतात.

१९८६ ला माझी बदली मध्य प्रदेशात इटारसीला झाली, होशंगाबाद जिल्ह्यात. आता त्याला नर्मदापुरम म्हणतात. आमच्या शाखेतल्या हेड कॅशिअरचा मुलगा सातवीत. एकदा त्यांच्या घरी गेलो तर पोरगं जमिनीवर बसून फुलाच्या पाकळ्या सुट्या करून मोजत होतं. पुस्तकाचं नाव ‘बाल वैज्ञानिक’. मी चाळलं. उत्तरंच नव्हती! करा, बघा, लिहा, वर्गात बोला, एवढंच. मला कपाटाजवळ बसलेले मास्तर आठवले.

तिथं चौकशी केली. १९७२ मध्ये सोळा मिडल स्कुलांत हा प्रयोग सुरू झाला होता. दोन स्वयंसेवी संस्थांनी मनावर घेतलं, दिल्ली विद्यापीठातले आणि मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमधले शास्त्रज्ञ येऊन सहावी-सातवीच्या मास्तरांबरोबर बसले. १९७८ ला जिल्ह्यातल्या सगळ्या मिडल स्कुलांत तो गेला. पुढं १९८२ ला ‘एकलव्य’ ही संस्था निघाली, तिनं तो चालवला. मास्तरांना सुट्टीत ट्रेनिंग, शाळेला सामानाची पेटी, आणि परीक्षेत पुस्तक उघडून बघायची मुभा. मुलांना प्रश्न पडला की ‘सवालीराम’ ह्या काल्पनिक माणसाला पत्र टाकायचं, उत्तर यायचं. आपल्याकडं अरविंद गुप्तांची कचऱ्यातून खेळणी प्रसिद्ध आहेत. त्यांनाही ही वाट होशंगाबादनंच दाखवली, पुण्यातली कारखान्यातली नोकरी करत असताना रजा काढून ते तिथं गेले होते.

त्याआधी कोठारी आयोगानं १९६६ मध्येच सांगितलं होतं की पहिली दहा वर्षं विज्ञान आणि गणित सगळ्या मुलांना हवं. कागदावर ते आलंही. पण वर्गात ते उतरवायचं कोणी? तर मिडल स्कूलच्या मास्तरानं. होशंगाबादनं त्या मास्तराला सोबत दिली. आमचे मास्तर हुबळीत एकटे होते. कपाट त्यांचं, मासिक त्यांचं, पहाटे चारला पोरं नेण्याची जबाबदारीही त्यांचीच. एखाद्या आईबापानं तक्रार केली असती तर पाठीशी कोण होतं? होशंगाबादचा कार्यक्रमही २००२ मध्ये सरकारनं बंद केला. तीस वर्षं चाललेली गोष्ट एका आदेशानं थांबली. पण ती पोरं तर शिकून गेली होती.

दहा ते तेरा हे वय मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच्या आधी पोर सगळं खरं मानतं. त्याच्या नंतर मार्कांच्या मागं लागतं. मधल्या तीन वर्षांत ते खरोखर विचारतं, ‘हे कशावरून?’ त्या वेळेला समोर कोण उभं आहे, ह्यावर पुष्कळ ठरतं. कॉलेजातला प्रोफेसर सायंटिस्ट घडवत असेल. मिडल स्कूलचा मास्तर फिटर, कॅशिअर, शेतकरी, आई, बाप घडवतो. म्हणजे ग्रहणाच्या दिवशी चटई घालायची की उचलायची, हे ठरवणारी माणसं.

मास्तरांनी आपलं काम केलं होतं. मला बघायला शिकवलं होतं. बघितलेलं घरात मोठ्यानं सांगण्याचं धाडस मात्र कोणी मास्तर देऊ शकत नाही, ते आपलं आपण आणायचं असतं. मी आणलं नाही. त्यांना हे सांगायचं राहून गेलं. मी इटारसीला असतानाच ते गेले. घरून पत्र आलं तेव्हा पंधरा दिवस उलटले होते.

शेवटचं लिहितो आणि थांबतो. २६ डिसेंबर २०१९, गुरुवार. कंकणाकृती ग्रहण मंगळूरच्या बाजूला होतं, आपल्याकडं खंडग्रास, सकाळी. नातीनं शाळेतून ग्रहणाचे चष्मे आणले होते. मी ह्या वेळेला कुणाला विचारलं नाही, हिला म्हणालो, “चल गच्चीवर.” ही म्हणाली, “थांबा, चहा गाळते.” गाळणी हातात घेऊनच वर आली. विसरून आणली की मुद्दाम, मला माहीत नाही. उन्हात गाळणी धरली तर गच्चीच्या फरशीवर शंभरएक छोट्या कोरी पडल्या. नात ओरडायला लागली, “अज्जी, बघ, बघ!”

ही बराच वेळ फरशीकडं बघत होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “त्या दिवशी चटईखाली हेच होतं, नाही?”

मी म्हणालो, “होय.”

“मला तेव्हाच वाटलं होतं, सूर्यच असणार. तुम्ही काही नाही म्हणालात.”

एकोणचाळीस वर्षं तिनं ते उजव्या रकान्यात ठेवलं होतं. त्या सकाळी डावीकडं आणलं. माझ्याकडं ती सातवीची वही अजून आहे, कोपरे कुरतडलेली. शेवटच्या कोऱ्या पानावर मी तारीख घालून दोन ओळी लिहिल्यात. दिसलं: १६ फेब्रुवारी १९८०, कोरीचा कवडसा, मधली खोली. वाटलं: भीती.

मास्तर, गृहपाठ उशिरा झाला. पण केलाय.